कुत्र्याची फेरी आणि बांधावरची रानफुलं : जून ते डिसेंबरच्या नोंदी

फेरी एरंडोल तालुक्यातल्या शिवारातली, अंजनी नदीपासून फार लांब नाही. एकूण २.४ किमी. गावची पांदी, मग कापूस-ज्वारीच्या वावरांचे बांध, एक ओढा, पलीकडचं मुरमाड बरड आणि परतताना पाटाचा काठ. कुत्रा गावठी, तीन वर्षांचा, १७ किलो, नाव टिप्या. फेरीवर कोणतं रानफूल कधी आणि किती वाजता उमलतं ते लिहायचं, एवढंच काम. आठवड्यातून दोनदा नोंद, बाकी पाच दिवस नुसतं फिरणं, वही घरी. हा नियम सुरुवातीला नव्हता. रोज नोंद घेऊन पाहिली, दहाव्या दिवशी वहीचा कंटाळा आला आणि फुलांचाही यायला लागला.

२ जून
फेरी मोजली. न थांबता २८ मिनिटं. सकाळी ५.५० ला निघालो तरच जमतं. साडेआठनंतर पांदीच्या पुढचा डांबरी तुकडा कुत्र्याच्या पायाला सोसत नाही. उलटा तळहात रस्त्यावर सात आकडे मोजेपर्यंत टेकवायचा. टेकवता येत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नये. सोबत अर्धा लिटर पाणी आणि जुनं स्टीलचं झाकण.

फुलांत सध्या तिघंच: तरवड, रुई आणि पांदीच्या कडेला जमिनीला चिकटलेली काटेरी भुईरिंगणी. तरवडाचा पिवळा रंग एवढ्या धुळीतही धुतल्यासारखा दिसतो. रुईचं पान तुटलं तर चीक कुत्र्याच्या डोळ्यात जाणार नाही हे पाहावं. शेपटीनंही देठ मोडतात.

बारा थांबे ठरवले. बांधावरच्या दगडांवर चुन्यानं आकडे टाकले. चुना आणि ब्रश ९० रुपये.

१५ जून
पहिला जोराचा पाऊस. बाराच्या बारा आकडे धुऊन गेले. चुना पावसाळ्याआधी लावणं हाच मूर्खपणा होता. तैलरंगाचा विचार केला, पण दोन दगड तोवर शेतकऱ्यानं बांध नीट करताना उचलून दुसरीकडे लावले होते. हलणाऱ्या वस्तूवर खूण करू नये. आता थांबे असे: विजेचे चार खांब, दोन निंब, एक बाभूळ, ओढ्याचा सिमेंटचा पाइप, पाटाचं गेट, बरडावरचे तीन मोठे उभे खडक.

२३ जून
नवी अडचण. खांब, झाड, खडक ही कुत्र्याच्या पाय वर करण्याचीही ठरलेली जागा असते. रोजच्या मुतानं थांबा ३ आणि ७ च्या बुडाशी कोवळं गवत पिवळं पडलं. म्हणून निरीक्षणाची जागा खुणेपासून चार पावलं बाजूला घेतली, वाऱ्याच्या नव्हे, चढाच्या दिशेनं. टिप्याला खांब, आपल्याला बांध.

ठरावीक जागेत किती फुलं ते मोजायला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा चौकोन केला, चार एल्बो लावून. १८५ रुपये. हातात दोरी, खांद्यावर चौकोन, अशा अवस्थेत दुसऱ्याच थांब्याला टिप्या त्यात शिरला, चौकोन गळ्यात घेऊन पळाला आणि त्यानंतर पाइप दिसला की लांब उभा राहायला लागला. चौकोन माळ्यावर. त्याऐवजी सायकलचा जुना टायर: आतला व्यास ६६ सेंमी, क्षेत्र साधारण ०.३४ चौ.मी. खांद्यात अडकतो, जमिनीवर फेकला की पडला तिथं मोजायचं. जागा निवडत बसलं तर हात आपोआप फुलाकडे जातो आणि आकडे खोटे येतात. फेकणं बरं. टायर फुकट.

३० जून
कुत्रा थांबवायची पद्धत बदलली. आधी थांब्यावर पोचलं की भाकरीचा तुकडा द्यायचो. टिप्याचा हिशोब सरळ: तुकडा मिळाला, काम संपलं, पुढच्या खांबाकडे ओढ. टायरमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला सतरा किलोचा हिसका बसला की पेन्सिल कागदातून आरपार जाते. आता तुकडा निघताना. पोचल्यावर फक्त "थांब", दोरी कमरेच्या पट्ट्याला, हात मोकळे. मोजणी झाली, वही मिटली की तुकडा. आठ दिवसांत वही मिटल्याचा आवाज ओळखायला लागला. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढाच, ज्वारीच्या भाकरीचा. बारा थांब्यांना पाव भाकरी पुरते.

गळपट्ट्याला दोरी बांधू नये. छातीचा हार्नेस ५८० रुपये, तीन मीटरची दोरी २४०. गवतात ती दीड मीटरवर आखडून धरायची. बरडावर फुरसं आणि बांधाच्या गवतात घोणस असतेच. काठी पुढे आपटत जाणं हे फुलं पाहण्याचाच भाग धरावा.

काळ्या मातीबद्दल. पावसात ती बोटांच्या मधल्या केसांना धरते आणि घरी येईपर्यंत सुपारीसारखी टणक गोळी होते. ओढून काढली तर केसांसकट निघते, कुत्रा पुढच्या वेळी पाय देत नाही. कोमट पाण्याच्या घमेल्यात पाच मिनिटं उभा करायचा, गोळी आपोआप सुटते. बोटांमधले केस बोथट कात्रीनं कापून टाकले, तेव्हापासून निम्मा त्रास कमी.

७ जुलै
हिरवळ झाली आणि नावांचा घोळ सुरू झाला. आठवडाभराची यादी अर्धी चुकीची निघाली. कारणं:

मोबाइलच्या ॲपनं बरडावरच्या विष्णुक्रांतेला बागेतली तिची मोठ्या फुलाची बहीण ठरवलं. विष्णुक्रांतेचं फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, वेल जमिनीवर पसरलेली, पानांवर रेशमी लव. बागेतलीचं फूल त्याच्या दुप्पट-तिप्पट. फोटोत मापाला काही नव्हतं, ॲप तरी काय करणार. आता प्रत्येक फोटोत १५ सेंमीची स्टीलची पट्टी.

आणि मराठी नावं. शंखपुष्पी म्हणाल तर तीन वेगवेगळ्या वनस्पती पुढे येतात. गोखरू म्हणजे कुणाला सराटा, कुणाला शंकेश्वर. धोतरा आणि पिवळा धोतरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून वहीत स्थानिक नावापुढे शास्त्रीय नाव देवनागरीत: सराटा ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, शंकेश्वर झँथियम.

इथली आणि बाहेरून आलेली यांचे दोन रकाने केले. बाहेरच्यांत गाजर गवत, घाणेरी, एकदांडी, पिवळा धोतरा, बेशरम, शंकेश्वर. सगळी अमेरिका खंडातून आलेली. एकदांडी इतकी ओळखीची की तिला परकं म्हणायला जीव होत नाही, पण मूळ मेक्सिकोकडचं. थांबा १ आणि २ वर टायरमध्ये पडलेली सगळी फुलं दुसऱ्या रकान्यात गेली. गावाजवळच्या उकिरड्याच्या बाजूला इथलं म्हणावं असं एकही नाही. पुढे बरडावर चढलं की रकाना उलटतो. तिथं माती हातभरही नाही, नांगर चालत नाही, खत पडत नाही, त्यामुळे बाहेरच्यांना ती जागा मानवत नाही असा आपला अंदाज.

१९ जुलै
सगळ्यात मोठी चूक आज लक्षात आली. सहा आठवडे पेटारीच्या झुडपापुढे "कळी" लिहिलंय. पाटाच्या गेटाजवळ छातीएवढं झुडूप, कळ्या भरपूर, फूल एकदाही नाही. काल पाऊस होता म्हणून फेरी संध्याकाळी पाचला केली, तर झुडूप नारिंगी-पिवळ्या फुलांनी भरलेलं. पेटारी दुपार कलल्यावर उमलते. सकाळी साडेसहाला जाऊन तिच्या कळ्या मोजण्यात सहा आठवडे गेले.

मग आज एकाच दिवसात चार फेऱ्या मारल्या: ६.३०, ९.००, १२.३०, ५.००. (दुपारची टिप्याशिवाय. ढग होते तरी नको.)

६.३०: केना उघडतोय. विष्णुक्रांता मिटलेली, सराटा मिटलेला. चिकणा कडक झोपेत.
९.००: बरडावर विष्णुक्रांता पूर्ण उघडली. सकाळी ज्या मुरमावरून नुसती पिंगट वेल समजून चालत गेलो तिथं आता निळे मणी सांडल्यासारखे. एका टायरमध्ये ३१. सराट्याची पाच पाकळ्यांची पिवळी फुलं तिच्या अधेमधे. चिकणा उघडायला लागलाय.
१२.३०: केना गळून त्याचा निळा चिकट थेंब झालाय. विष्णुक्रांता निम्मी मिटली.
५.००: बरडावर काही नाही. पाटावर पेटारी.

म्हणजे एकाच वाटेवर दोन शिवारं आहेत, सकाळचं आणि संध्याकाळचं. यापुढे आठवड्याची एक नोंद सकाळी ८.३० ला, दुसरी संध्याकाळी ५ ला. ढगाळ दिवशी उघडणं तास-दीड तास पुढे सरकतं, म्हणून आभाळाचा एक रकाना वाढवला. आधीच्या सहा आठवड्यांच्या नोंदी फाडल्या नाहीत, वर लाल पेन्सिलनं "फक्त ६.३०" लिहून ठेवलं.

पेटारीचं फळ तोडून घ्यावं. कडेनं दातेरी चाकासारखं, शाईत बुडवून कागदावर ठसा उमटतो. तिला मुद्रा म्हणतात ते यामुळेच. वहीत तिच्या पानावर नावाऐवजी ठसाच मारलाय.

२८ जुलै
केन्याची एक गोष्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पाहावी. टिप्यानं थांबा ५ वर उंदराच्या वासानं बांध उकरला आणि केन्याचं झाड बुडासकट उलथलं. मुळाजवळून पांढुरके, सुईएवढे जाड कोंब मातीत खाली गेलेले आणि त्यांच्या टोकाला फिकट बंद पुड्या. ही केन्याची जमिनीखालची फुलं. कधी उमलत नाहीत, आतल्या आत बी धरतात. वर दोन निळ्या पाकळ्यांचं फूल माश्यांसाठी, खाली पुडीबंद फूल आपल्यासाठी. निंदणीत वरचा केना कापला तरी पंधरा दिवसांत पुन्हा का उभा राहतो ते समजलं. शिवाय तुटलेली कांडी ओल्या मातीवर पडली की पेरापेराला मुळं फुटतात.

वरच्या फुलामागची होडीसारखी पुडी चिमटली तर चिकट पाणी येतं. टिप्याला ते चाटायला आवडतं, अपाय दिसला नाही. केन्याची भाजी माणसंही खातात.

मात्र उकरू देणं बंद केलं. कारण पुढच्या नोंदीत.

११ ऑगस्ट
आज कानबाई, खानदेशातला देवीचा सण. गावात गर्दी, वाजंत्री, म्हणून फेरी उलटी, पाटाकडून.

ओढ्याच्या काटेरी कुंपणावर कळलावी फुलली. पानाचं टोकच वळून वेटोळं होतं आणि त्यानं ती कुंपण धरून चढते. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लहरी. रंगावरून फुलाचं वय कळतं: उमलताना हिरवट पिवळं, मग खालून पिवळं वरून लाल, शेवटी सगळं लाल. एकाच वेलीवर तिन्ही सापडली.

ही फेरीवरची सगळ्यात देखणी आणि सगळ्यात विषारी. सगळ्या झाडात कोल्चिसिन हे विष, कंदात जास्त. नांगराच्या फाळासारखा तो कंद उथळच असतो आणि उकरणाऱ्या कुत्र्याला सहज मिळतो. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, रक्ती जुलाब. घरगुती उपाय नाही. मीठ-पाणी पाजत बसू नये, झाडाचा फोटो घेऊन थेट पशुवैद्याकडे. थांबा ८ आता दोरी अर्ध्या मीटरवर धरून, लांबूनच. मोजायला टायर टाकायचा नाही, वेलीवरची फुलं तशीच मोजायची. धोतऱ्यालाही हाच नियम.

१८ ऑगस्ट
थांबा नसलेल्या जागी टिप्या दोन मिनिटं हलेना. बांधाच्या उतरणीला तोंड खुपसून. ओढलं नाही, बाजूला उकिडवं बसून त्याच्या नाकाच्या उंचीवरून पाहिलं. छोटा कल्पा! गुडघ्याएवढं खरबरीत लवेचं झाड. या बांधावरून अडीच महिने ये-जा होती, पण उभ्या माणसाला त्याची फक्त पाठ दिसते, कारण फूल मान खाली घालून असतं. संस्कृतात त्याचं नाव अधःपुष्पी. खालून पाहिलं तर फिकट निळ्या पाच पाकळ्या, टोकं शेपटीसारखी पिळलेली, मधोमध पुंकेसरांचा पीळ घातलेला सुळका. जुनं होत आलेलं फूल गुलाबी. फोटोसाठी मोबाइल जमिनीवर उलटा ठेवून पुढच्या कॅमेऱ्यानं घ्यावा लागतो, झाड वाकवलं तर फूल गळतं.

हा थांबा १३. नियम असा केला: टिप्या आपणहून थांबला तर तीस आकडे मोजेपर्यंत त्याच्याच उंचीवरून पाहायचं, मग ओढायचं. पुढे महिन्याभरात या नियमानं चार नवी फुलं दिली. सतरा वेळा मेलेला उंदीर, शेण आणि एकदा कुणाचा तरी चपलेचा जोड.

२५ ऑगस्ट
थांबा ४ आणि ५ संपले. बांधावर तणनाशक मारलं. केना, कुर्डू, थांबा ५ चा रानतीळ, सगळं तपकिरी. शेतकऱ्याचा बांध, त्याचा निर्णय. तक्रार नाही, पण नोंदीत भोक पडलं. यावरून दोन गोष्टी: एकाच प्रकारच्या जागेवर निदान तीन थांबे घ्यावेत, आणि जूनमध्येच त्या त्या वावराच्या मालकाला वा सालदाराला विचारून ठेवावं, फवारणी कधी. कुत्रा बांधावरचं गवत खातो, त्यामुळे फवारलेला बांध आठवडाभर बंद. कापसावर फवारणी झाली की वास दोन दिवस असतो, तो असेपर्यंत फेरी पाटाकडूनच.

झटका मशीनचंही तेव्हाच विचारावं. रानडुकरांसाठी लावलेली खालची तार बरोबर कुत्र्याच्या छातीला येते आणि सकाळी सातपर्यंत चालू असते. टिप्याला एकदा बसला, त्यानंतर तो वळसा घालून जातो. वळसाच आता फेरी.

५ सप्टेंबर
उद्या हरतालिका, परवा गणपती. पत्रीसाठी आघाडा, माका, रुई, विष्णुक्रांता असं पोरींनी पांदीपासून ओढ्यापर्यंत खुडून नेलं. आज आघाडा शून्य. "फुलोरा संपला" असं लिहिणार होतो, जवळून पाहिलं तर देठ नखानं खुडलेले. वहीत "खुडला" असा वेगळा शेरा हवा. पुढे पंधरा दिवसांत आघाडा बाजूनं पुन्हा फुटला.

१५ सप्टेंबर
ज्वारीत बुडाशी वीतभर उंचीची नाजूक पांढरी फुलं. आनंदानं फोटो काढत होतो, वावराचे मालक आले, म्हणाले, "हाई फूल नही शे भाऊ, जवारीनी वैरीन शे." टारफुला. मुळं ज्वारीच्या मुळांत घुसवून तिचं अन्नपाणी ओढतो. वरून फूल दिसेपर्यंत ज्वारीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. इथलंच, देखणं, आणि उपटण्यालायक. त्यांच्याबरोबर दोन ओळी उपटल्या. बी धरण्याआधी उपटलं तरच उपयोग, बी धुळीइतकं बारीक आणि वर्षानुवर्षं मातीत टिकतं. वहीत इथल्यांच्या रकान्यात लिहिलं.

कुर्डू आता बाजरीच्या वर डोकं काढून. गुलाबी टोकाची पांढरी कणसं, दिवसभर तशीच, त्यामुळे वेळेचा हिशोब नको. नवशिक्यानं कुर्डूपासून सुरुवात करावी.

२९ सप्टेंबर
गोचीड. फेरीनंतर रोज कानाच्या आत, बोटांत, पट्ट्याखाली, काखेत बोटं फिरवायची. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल टाकायचं नाही. महिन्याची गोळी ६५० रुपये, वजन सांगून पशुवैद्याकडूनच घ्यावी.

फोटोंबद्दल थोडं. एका झाडाचे पाच: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूनं. फळ असेल तर सहावा. जुन्या छत्रीचं फूटभर काळं कापड मागे धरलं की वाऱ्यातही फोकस बसतो. पांढरं फूल असेल तर उजेड दोन घरं खाली, नाहीतर पाकळ्या कोऱ्या कागदासारख्या येतात. शाईचं पेन पावसात नको. साधी पेन्सिल.

१३ ऑक्टोबर
कालची चूक १,१०० रुपयांची.

बरडावर कुसळी गवत पिकलं. संध्याकाळच्या उन्हात सगळं बरड तांबूस सोनेरी होतं आणि त्याच्या बुडात शेवटची विष्णुक्रांता शोधायला म्हणून टिप्याला आत नेलं. कुसळाचं टोक सुईसारखं, मागे उलटे केस आणि लांब पिळदार शेपूट. शेपटीला ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो आणि प्रत्येक वेळी टोक थोडं आत जातं. मातीत बी पेरायची त्याची ती युक्ती आहे. कुत्र्याच्या केसांत, कानात, बोटांत ती तशीच चालते, आणि उलट्या केसांमुळे मागे येत नाही.

घरी आल्यावर अंग झटकलं, पाय पाहिले, कान पाहिला नाही. रात्री टिप्या डोकं एका बाजूला धरून झटकत राहिला. सकाळी पशुवैद्यांनी भूल देऊन कानाच्या पडद्याजवळून कुसळ काढलं. कानात कापसाची काडी घातली असती तर ते अजून आत गेलं असतं.

काय करावं: १० ऑक्टोबर ते डिसेंबर अखेर कुत्र्यासाठी बरड बंद. थांबा ९, १०, ११ एकट्यानं करायचे, पँट मोज्यात खोचून. कुत्रा तरी त्या वाटेनं गेलाच तर पहिल्या अर्ध्या तासात बारीक दात्यांच्या कंगव्यानं (१४० रुपये) पोटापासून पाठीकडे विंचरायचं, मग बोटं, मग कान. एकच पाय सारखा चाटत असेल, बोटांत गाठ आली असेल किंवा एक डोळा मिटून धरला असेल, तर रात्र काढू नये.

२७ ऑक्टोबर
ओढ्यात खाजकुइलीची वेल. जांभळी-काळपट फुलं घोसानं लोंबतात, फारच सुंदर, पण शेजारच्या घोसाला शेंगा धरल्यात आणि त्यांच्यावरची तांबूस लव उडते. टिप्या खालून गेला, पाठ जमिनीला घासायला लागला. इथं पाणी टाकून चोळणं चूक, लव आणखी रुतते. आधी रुंद चिकटपट्टी लावून-उचलून लव काढली, मग वाहत्या पाण्यानं धुतलं. स्वतःचे हात मात्र विसरलो, ते रात्री अकरापर्यंत आठवण देत होते.

शंकेश्वराची काटेरी फळं शेपटीत गुंतली तर तेलाचा हात लावून एकेक सुटं करावं. ओढलं की केस तुटतात.

१७ नोव्हेंबर
पावसाळी फुलं संपली असं धरून नोंदी थांबवणार होतो. फेरी थंडीत पुन्हा भरते. पाटाच्या ओलीत तालिमखाना: पेरापेराला निळसर जांभळी फुलं आणि त्यांच्यात लपलेले बोटभर पिवळे काटे. टिप्या जवळ जात नाही, शहाणा. बांधावर काटेकोरांटी पिवळी. बरडाच्या टोकाला थांबा ११ वर उंटकटारीचे पहिले गोल चेंडू, पांढरट निळे. चेंडू एक दिसतो, पण त्यात शंभरावर सुटी फुलं असतात आणि ती वरून खाली उमलत येतात. वहीत चेंडू मोजायचे की फुलं, हा घोळ दोन दिवस घातला. चेंडू मोजायचे.

रविवारी पाटणादेवीला जाऊन आलो, टिप्या घरी. ते गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेत नाहीत. भुंकण्याचा त्रास हे छोटं कारण, कुत्र्याचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कोल्हा-लांडग्यांना लागतो हे मोठं. सातपुड्यातल्या पाल-यावलकडे जाणाऱ्यांनीही हेच धरावं. सोबत कुत्रा हवा तर आपलं शिवार.

८ डिसेंबर
हिशोब. हार्नेस ५८०, दोरी २४०, पीव्हीसी १८५, चुना-ब्रश ९०, कंगवा १४०, चिमटा ३५, गोचिडाची गोळी ६५०, कानातलं कुसळ १,१००, वही-पेन्सिली ८०. एकूण ३,१००. त्यातले १,३७५ वाचवता आले असते: चौकोन, चुना, कुसळ. नोंदीच्या एका फेरीला ७६ मिनिटं लागतात, थांब्याला सरासरी चार.

यादीत इथली ३४, बाहेरची ११. नक्की न ठरलेली ६, त्यांची पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवलीत. पहिले चार दिवस रोज कागद बदलला नाही म्हणून त्यातल्या दोघांना बुरशी आली. ती दोन पुढच्या पावसात पुन्हा शोधायची.

आज सकाळी ८.३०, ढग नाहीत. थांबा १: एकदांडी ६ ते २० फुलं. थांबा ८: कळलावी वाळली, शेंगा फुटून लाल बिया दिसताहेत, दोरी आखडून. थांबा ११: उंटकटारी ९ चेंडू, एकट्यानं. थांबा १३: छोटा कल्पा नाही. टिप्या तिथं थांबला, तीस मोजले, बांधाच्या भेगेत विंचवाचं बीळ.